‘पगार’, ‘पागारे’ आणि ‘पेये’: शांततेतून निघालेले एक क्रियापद

स्पॅनिश शिकू लागलेल्या एका वाचकाने तीन गोष्टी एकत्र विचारल्या आहेत. पाठ्यपुस्तकात ‘पैसे देणे’ या अर्थाचे ‘पागार’ हे क्रियापद भेटल्यावर आपला मराठी ‘पगार’ त्याच घराण्यातला आहे का, अशी शंका त्यांना आली, ही पहिली गोष्ट. इटालियनमधले ‘पागारे’ आणि फ्रेंचमधले ‘पेये’ ही त्याच शब्दाची रूपे आहेत का, ही दुसरी. या सर्वांचे मूळ ‘शांतता’ या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे असे वर्गात सांगितले गेले, ते खरे की रंगवून सांगितलेली गोष्ट, ही तिसरी. तिन्ही प्रश्नांचे उत्तर ‘होय’ असेच आहे. मात्र तिसऱ्या होकाराला बरेच स्पष्टीकरण लागते, कारण शांततेपासून पैशापर्यंतची वाट सरळ नाही. आणि तीसेक वर्षे स्पॅनिश व पोर्तुगीज शिकवताना मी पाहिले आहे की विद्यार्थ्यांच्या लक्षात दोन टोके राहतात, मधली वाट हमखास निसटते.

आधी रूपांचा विचार करू, कारण अर्थ कितीही जुळवून दाखवता येतो, ध्वनी मात्र सहसा फसवू देत नाहीत. लॅटिनमध्ये ‘पाकारे’ असे क्रियापद होते. त्यापासून स्पॅनिश व पोर्तुगीजमध्ये ‘पागार’, कातालानमध्ये लिहिताना तसेच पण बार्सिलोनाच्या उच्चारात अखेरचा र गळून ‘पगा’, इटालियनमध्ये ‘पागारे’ आणि फ्रेंचमध्ये ‘पेये’ अशी रूपे झाली. ‘पाकारे’ आणि ‘पेये’ यांत वरवर पाहता काहीच साम्य दिसत नाही. पण दोन स्वरांच्या मध्ये सापडलेल्या क या व्यंजनाचे काय होते, हे एका दुसऱ्या शब्दावर ताडून पाहिले की कोडे सुटते. लॅटिन ‘फोकुस’ म्हणजे चूल. त्यापासून ‘आग’ या अर्थाने स्पॅनिशमध्ये ‘फुएगो’ आणि पोर्तुगीजमध्ये ‘फोगु’ झाले. दोन्हीकडे क मृदू होऊन ग झाला. फ्रेंचमध्ये तो ग सुद्धा टिकला नाही आणि शब्द जेमतेम एका अक्षराएवढा उरला. रुमानियनमध्ये मात्र ‘फोक’ असा क शाबूत राहिला. ‘पाकारे’च्या बाबतीत इबेरियन द्वीपकल्पातल्या भाषा ग वर थांबल्या आणि फ्रेंच पुढे जाऊन य पर्यंत पोहोचली, इतकाच त्याचा अर्थ.

मराठी वाचकाला हे नवे वाटण्याचे कारण नाही. ‘मकर’ची ‘मगर’ झाली आणि ‘प्रकट’चे बोलीत ‘प्रगट’ झाले, ही स्पॅनिशची पायरी. ‘कुंभकार’चा ‘कुंभार’ आणि ‘लोहकार’चा ‘लोहार’ झाला तेव्हा मधला क पूर्ण विरघळला, ही फ्रेंचची पायरी. संस्कृतपासून प्राकृतांकडे येताना आपल्याकडे जे घडले, त्याच जातीची झीज लॅटिनच्या पश्चिमेकडील लेकींमध्ये झाली. इटालियन या बाबतीत थोडी लहरी आहे: ‘फुओको’मध्ये तिने क राखला, आणि ‘पागारे’, ‘लागो’ म्हणजे तलाव, ‘लुओगो’ म्हणजे जागा, या शब्दांत मात्र ग स्वीकारला. तिच्यातील अशा ग-युक्त शब्दांचे श्रेय काही अभ्यासक उत्तरेकडील बोलींच्या प्रभावाला देतात. नियम दोन आहेत की एक नियम आणि उसनवारी आहे, यावर जुना वाद आहे आणि आपल्या प्रश्नाला त्याने फरक पडत नाही.

फरक पडतो तो रुमानियनमुळे. या भाषेत ‘पैसे देणे’ याला ‘प्लाति’ म्हणतात आणि तो शब्द लॅटिन नसून शेजारच्या स्लाव भाषांतून आलेला आहे. म्हणजे रुमानियनने ‘पाकारे’ टाकून दिले का? तसेही नाही. तिच्यात ‘इंपका’ असे क्रियापद आहे, ते याच कुळातले आहे, आणि त्याचा अर्थ आहे समेट घडवून आणणे, दोन भांडणाऱ्यांची मने जुळवणे. शांततेसाठीचा ‘पाचे’ हा शब्दही तिने राखला आहे. रोमन सम्राट ट्रेजनने इ.स. १०६ मध्ये जिंकलेला डेशिया प्रांत, म्हणजे ढोबळमानाने आजचा रुमानिया, रोमने तिसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात, ऑरेलियनच्या काळात, सोडून दिला आणि तिथली लॅटिन पश्चिमेकडील लॅटिनपासून बरीचशी तुटली. पश्चिमेत सर्वत्र ‘पैसे देणे’ आणि पूर्वेत ‘समेट करणे’ अशी ही फाळणी पाहिली, की मला तरी असे वाटते की पैशाचा अर्थ या शब्दाला उशिराने, साम्राज्याचे दोन भाग एकमेकांपासून दूर गेल्यावर चिकटला असावा आणि रुमानियनने जुने दुकान तसेच चालू ठेवले. मूळ अर्थाचा इतका स्वच्छ जिवंत साक्षीदार फार थोड्या शब्दांना लाभतो.

आता तो मूळ अर्थ पाहू. लॅटिन ‘पाक्स’ म्हणजे शांतता. स्पॅनिश ‘पाथ’, इटालियन ‘पाचे’ आणि फ्रेंच ‘पे’ हे तिचेच वंशज. ‘पाकारे’ म्हणजे शांत करणे. परंतु रोमन माणूस ‘शांत करणे’ म्हणे तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर बहुतेक वेळा तह झालेला नसे, मोड झालेला असे. ऑगस्टसने आपल्या कारकिर्दीचा जो वृत्तांत लिहून ठेवला आणि जो आज अंकारा येथील मंदिराच्या भिंतींवर कोरलेला वाचता येतो, त्यात त्याने समुद्र चाच्यांपासून ‘शांत’ केल्याचे सांगितले आहे, आणि गॉल (साधारण आजचा फ्रान्स), हिस्पानिया (आजचे स्पेन व पोर्तुगाल) व जर्मानिया या प्रदेशांबाबतही तेच क्रियापद वापरले आहे. ज्युलियस सीझर गॉलबद्दल लिहितानाही हाच शब्द योजतो. त्या गॉलचे आणि त्या हिस्पानियाचे वंशज आज हेच क्रियापद वापरून पावाचे पैसे चुकते करतात. आपल्याकडच्या कागदपत्रांतले ‘बंदोबस्त केला’ किंवा ‘पारिपत्य केले’ आठवले, की ‘पाकारे’ची धार नीट कळते.

या लष्करी अर्थाच्या शेजारीच घरगुती अर्थही नांदत होता: रागावलेल्याला निवळवणे, रुसलेल्याची समजूत काढणे, असमाधानी माणसाचे समाधान करणे. पैशाचा अर्थ या दुसऱ्या शाखेवर फुटला. ज्याचे आपण देणे लागतो तो माणूस अस्वस्थ असतो, तगादा लावतो, दारात येऊन बसतो. त्याला शांत करण्याचा खात्रीचा उपाय एकच, तो म्हणजे त्याचे पैसे त्याच्या हातावर ठेवणे. मध्ययुगीन लॅटिनमध्ये ‘धनकोला शांत करणे’ हा प्रयोग इतका रूढ झाला की ऐकणाऱ्याच्या मनात शांत होणे मागे पडले आणि पैसे देणे पुढे आले.

माझ्या मते या सगळ्या कथेत खरी सूक्ष्म गोष्ट व्याकरणाची आहे, आणि कोशांमध्ये तिच्याकडे पुरेसे लक्ष दिलेले मला आढळत नाही. सुरुवातीला या क्रियापदाचे कर्म माणूस होते: अमक्याला शांत केले. पुढे कर्माच्या जागी रक्कम येऊन बसली: इतके पैसे दिले. अखेर विकत घेतलेली वस्तूही त्याच जागेवर आली: जेवण दिले, म्हणजे जेवणाचे पैसे दिले. फ्रेंच आणि इटालियनमध्ये हे तिन्ही थर आजही एकावर एक दिसतात. इटालियन माणूस डॉक्टरला पैसे देतो तेव्हा वाक्यात डॉक्टर हाच सरळ कर्म असतो, ‘ला’ या अर्थाचे कोणतेही शब्दयोगी अव्यय मध्ये येत नाही. फ्रेंचमध्येही बेकरीवाल्याला पैसे देताना बेकरीवाला कर्म आणि पावाचे पैसे देताना पाव कर्म. देण्याच्या क्रियेत माणूस खरे तर अप्रत्यक्ष कर्म व्हायला हवा, तरीही तो सरळ कर्म राहिला आहे, कारण एके काळी त्याला ‘देत’ नसत, त्याला ‘शांत करत’ असत. स्पॅनिशच्या विद्यार्थ्यांना या क्रियापदाची सर्वनामे चुकतात ती बहुधा याच वळणावर, कारण स्पॅनिशने माणसाला अप्रत्यक्ष कर्माकडे ढकलले आहे आणि फ्रेंच शिकून आलेल्यांना ते पटत नाही.

समाधानाचा जुना अर्थ पश्चिमेतही पूर्ण मेलेला नाही. इटालियनमध्ये ‘आप्पागारे’ म्हणजे इच्छा पुरी करणे, मन तृप्त करणे, आणि ‘पागो’ हे विशेषण तृप्त, समाधानी या अर्थाने आजही पुस्तकी भाषेत आढळते. स्पॅनिशमध्ये स्वतःवरच खूश असलेल्या, थोड्या आढ्यतेखोर माणसाला ‘स्वतःचा पागादो’ म्हणतात. शब्दशः पाहिले तर ‘स्वतःचे पैसे मिळालेला’ असा विनोदी अर्थ होईल. विनोदी म्हणते खरी, पण उमेदवारीच्या काळात जुन्या कास्तिल्यन, म्हणजे जुन्या स्पॅनिश, मजकुराचा एक उतारा मराठीत आणताना मी नेमकी हीच चूक केली होती. राजाने पाठवलेल्या भेटी पाहून एक सरदार ‘पागादो’ झाला, असे मूळ वाक्य होते आणि मी त्याला ‘मोबदला मिळालेला’ ठरवले. माझ्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी समासात फक्त ‘खूश झाला हो!’ एवढेच लिहून कागद परत केला. इंग्रजी ‘पे’ची कथाही तीच आहे: नॉर्मन फ्रेंचमधून तो शब्द इंग्रजीत आला आणि इ.स. १२०० च्या सुमाराच्या इंग्रजीत त्याचा अर्थ खूश करणे, समाधान करणे असाही होता.

हा अर्थविकास ज्यांना ओढून ताणून आणलेला वाटतो, त्यांनी मराठीतले ‘भागवणे’ डोळ्यांसमोर आणावे. आपण तहान भागवतो, भूक भागवतो, एखाद्याची गरज भागवतो आणि त्याच क्रियापदाने देणीही भागवतो. ‘एवढ्यावर भागेल’ म्हणजे एवढ्याने समाधान होईल. तृप्ती आणि फेड हे दोन अर्थ एकाच शब्दात शेजारी राहू शकतात, इतकेच नव्हे तर आपल्याला त्यात काही विशेष घडते आहे असे जाणवतही नाही. लॅटिनच्या पश्चिमेकडील वारसांमध्ये हेच झाले. फरक इतकाच की त्यांच्याकडे दुसऱ्या अर्थाने पहिल्याला घराबाहेर काढले.

येथे एक रास्त प्रश्न उभा राहतो: रोमन लोकांजवळ पैसे देण्यासाठी स्वतःचा शब्द नव्हता का? होता, आणि चांगला भक्कम होता. अभिजात लॅटिनमध्ये कर्ज फेडण्याला ‘सोल्वेरे’ म्हणत, म्हणजे सोडणे, गाठ सैल करणे. रोमन कायद्याची सारी कल्पनाच बांधण्यावर उभी होती. देणे म्हणजे ‘ओब्लिगातिओ’, तो शब्दही बांधणे या अर्थाच्या धातूपासून झालेला, आणि इ.स. ५३३ मधल्या जस्टिनियनच्या संहितेत त्याची व्याख्याही ‘कायद्याचे बंधन’ अशीच केलेली आहे. आरंभीच्या काळात तर हे बंधन उपमेपुरते नव्हते. कर्ज न फेडणारा माणूस प्रत्यक्ष बांधला जाई, आणि रोमन परंपरेनुसार इ.स.पू. ३२६ च्या कायद्याने ती प्रथा संपवली. मराठीत आपण कर्ज ‘फेडतो’, नवस ‘फेडतो’, आणि जुन्या भाषेत नेसलेले वस्त्रही ‘फेडतात’; गुंडाळलेले उलगडणे, बांधलेले सोडणे हीच ती कल्पना. म्हणजे ‘सोल्वेरे’ हे रोमचे ‘फेडणे’ आणि ‘पाकारे’ हे त्यांचे ‘भागवणे’. पहिला शब्द वकिलांच्या आणि नंतर बँकांच्या भाषेत राहिला. बाजारात, शेतात, सरायांमध्ये दुसऱ्याने त्याला मागे सारले.

का मागे सारले, याचे एकच एक उत्तर देता येत नाही. परंतु रोमच्या पश्चिम साम्राज्याच्या पडझडीनंतर तिथे ज्या जर्मानिक टोळ्यांचे राज्य आले, त्यांच्या न्यायव्यवस्थेकडे पाहिल्यावर शांतता आणि पैसा हे दोन शब्द किती जवळ आले होते हे कळते. सहाव्या शतकाच्या आरंभी, क्लोविस राजाच्या काळात, यांपैकीच फ्रँक लोकांचा जो सॅलिक कायदा लिहिला गेला, त्यात स्वतंत्र फ्रँक माणसाच्या हत्येसाठी २०० सॉलिडस या सोन्याच्या नाण्यांची भरपाई ठरवलेली आहे. या भरपाईचा हेतू मृताच्या नातलगांना सूड घेण्यापासून थांबवणे हा होता. तिचा एक तृतीयांश भाग राजाकडे जाई आणि त्याला ‘फ्रेदुस’ म्हणत. हा शब्द ‘शांतता’ या अर्थाच्या फ्रँकिश शब्दापासून घडवलेला. ज्या समाजात खुनाच्या वैराची शांतता मोजून, नाणी ओतून विकत घेतली जाई आणि तिच्या एका हिश्श्याचे नावच ‘शांतता’ असे होते, तिथे शांत करणे आणि पैसे देणे यांतली रेघ पुसट होणे साहजिक आहे. ‘पाकारे’चा अर्थ या कायद्यांमुळेच बदलला असे मी म्हणत नाही, धनकोची समजूत काढणे हे रोजचे कारण पुरेसे होते. पण ज्या काळात हा बदल पक्का झाला, त्या काळाचे वातावरण तसे होते.

आणि हा बदल एकटाच नाही, ही गोष्ट मला सर्वांत जास्त पटवणारी वाटते. लॅटिनमध्ये ‘क्विएतुस’ म्हणजे स्वस्थ, निवांत. मध्ययुगात याच शब्दाचा अर्थ ‘देण्यातून मोकळा झालेला’ असा झाला. फ्रेंच ‘कित’ म्हणजे ज्याचे कुणाचे काही देणे उरले नाही असा माणूस. पोर्तुगीज ‘कितासाव’ म्हणजे पैसे पूर्ण पोहोचल्याची पावती. जर्मन ही रोमान्स, म्हणजे लॅटिनपासून निघालेली, भाषा नाही, पण तिच्या कायदेशीर भाषेत धनकोला पैसे चुकते करण्याला आजही त्याला ‘शांत करणे’, म्हणजे ‘फ्रीडे’ या शांततावाचक शब्दापासून झालेले क्रियापद वापरतात. तीन स्वतंत्र शब्द, एकच वाट. एखादी व्युत्पत्ती केवळ सुंदर आहे म्हणून मानू नये. ती भाषेच्या सवयीत बसते का ते पाहावे, आणि ही बसते.

‘पाक्स’च्याही मागे जायचे असेल तर ‘रोवणे, पक्के करणे, जोडणे’ अशा अर्थाच्या इंडो-युरोपीय धातूपर्यंत जाता येते. शांतता म्हणजे मूळची पक्की केलेली गोष्ट, ठरवून बांधलेला करार. ‘पाक्तुम’ म्हणजे करार हाही त्याचाच भाऊबंद. रोवलेल्या खुंट्यांनी आखलेला मुलूख तो ‘पागुस’, त्यावरून फ्रेंच ‘पेई’ आणि इटालियन ‘पाएझे’ म्हणजे देश. त्याच मुलखातला खेडूत तो ‘पागानुस’, आणि शहरी लोक ख्रिस्ती झाल्यावर हाच शब्द जुने देव न सोडणाऱ्यासाठी वापरला जाऊ लागला. पुस्तकाचे ‘पान’ या अर्थाचा ‘पागिना’ हाही याच कुळातला. स्पॅनिशमध्ये यामुळे एक गंमत झाली आहे: ‘पागो’ म्हणजे पैसे भरणे, आणि ‘पागो’ म्हणजेच विशिष्ट शेतजमिनीचा पट्टा, जो आज द्राक्षमळ्यांच्या संदर्भात दारूच्या बाटल्यांवर छापलेला दिसतो. कोश त्यांना दोन वेगळे शब्द मानतात आणि ते योग्यच आहे, कारण एक ‘पाक्स’कडून आला आणि दुसरा ‘पागुस’कडून, पण पणजोबा एकच.

संस्कृत ‘पाश’ हा शब्दही अनेक अभ्यासक याच धातूशी जोडतात: बांधण्याचे साधन. लिस्बनच्या लोकांच्या तोंडी आज शांततेचा शब्द जवळजवळ ‘पाश’ असाच ऐकू येतो, हे मात्र निव्वळ योगायोगाने झाले आहे. अखेरच्या ऊष्म वर्णाचा श करण्याची त्यांची सवय पुष्कळ नंतरची आहे. धातू सारखा असणे आणि उच्चार सारखा ऐकू येणे या दोन गोष्टी एकाच शब्दात अशा भेटल्या, की नवख्या व्युत्पत्तिकाराचा पाय हटकून घसरतो.

आता मराठी ‘पगार’. तो स्पॅनिशमधून नव्हे, पोर्तुगीजमधून आला. स्पॅनिशशी आपला असा थेट व्यवहार झालाच नाही. गोव्यात १५१० पासून, वसईत १५३४ पासून ते चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये ती जिंकेपर्यंत, आणि चौल-रेवदंड्याच्या किनाऱ्यावर पोर्तुगीज अंमल होता. बार्देशातल्या आसगावात १८५५ मध्ये जन्मलेले धर्मगुरू आणि भाषापंडित सेबास्तियाव रोडॉल्फो दालगादो यांनी आशियाई भाषांतल्या पोर्तुगीज शब्दांवर १९१३ मध्ये जो ग्रंथ प्रसिद्ध केला, तो या विषयात आजही आधारभूत मानला जातो. घमेले, पिंप, चावी, बिजागरी, मेस्त्री, लिलाव, तुरुंग हे आपल्याकडे रुळलेले पोर्तुगीज शब्द ‘पगार’च्या शेजारी ठेवून पाहिले, तर त्यांतला बराचसा माल बांधकामाच्या, गोदीच्या आणि किल्ल्याच्या आवारातला आहे असे दिसते. मजुरीचा शब्द त्याच आवारातून आला असणार, असे मानायला हरकत नाही.

ध्वनींचाही मेळ नेमका बसतो. पोर्तुगीज क्रियापदात आघात शेवटच्या अक्षरावर आहे आणि तिथला स्वर मोकळा, पसरट आ आहे. पहिल्या अक्षरातला स्वर आघात नसल्यामुळे आखूड होऊन आपल्या अ जवळ येतो. म्हणून मराठीत ‘पागार’ किंवा ‘पागर’ न होता ‘पगार’ झाले. ज्यांनी प्रथम तो शब्द उचलला त्यांनी तो कानाने उचलला, कागदावरून नव्हे, याचा हा पुरावा. पोर्तुगीजमध्ये वेतनासाठी ‘पागा’ हे नाम उपलब्ध असताना आपण क्रियापदच का घेतले, असेही विचारले जाते. परभाषेतला शब्द उचलणारा माणूस व्याकरणाची चौकशी करत नाही. जो आवाज त्या प्रसंगी पुनःपुन्हा कानावर पडतो तो उचलतो, आणि मोबदला वाटण्याच्या दिवशी तो आवाज ‘पगार’ असा असणार. ‘बाजार’, ‘व्यवहार’ यांच्या वळणाने तो मराठीत पुल्लिंगीही होऊन बसला.

आपण शब्द घेताना त्याचा अर्थ मात्र बराच आक्रसून घेतला. पोर्तुगीज माणूस पावाचे, भाड्याचे, दंडाचे आणि कराचे पैसे एकाच क्रियापदाने देतो; मराठीत भाजीवाल्याला कुणी पगार देत नाही. नियमित कामाचा ठरलेला मोबदला एवढाच अर्थ आपण ठेवला, आणि तेवढ्या अर्थापुरता तो इतका घट्ट बसला की पेशवाईतल्या कागदांत आढळणारे ‘मुशाहिरा’ आणि ‘रोजमुरा’ हे शब्द आज समजावून सांगावे लागतात. ‘वेतन’ शासकीय परिपत्रकात टिकले. घरात, कारखान्यात आणि ‘बिनपगारी फुल अधिकारी’ या टोमण्यात ‘पगार’च राहिला. गुजरातीनेही हाच शब्द याच अर्थाने घेतला आहे. इंग्रजी अमलाबरोबर ‘पेमेंट’ आले आणि तेही ‘पाकारे’चेच फ्रेंचमार्गे आलेले नातवंड असल्यामुळे, ‘पगाराचे पेमेंट झाले’ असे म्हणणारा कारकून दोन वेगळ्या समुद्री वाटांनी आलेला एकच लॅटिन शब्द एका दमात दोनदा उच्चारतो.

प्रश्नकर्त्याला एक व्यावहारिक सूचना करते, कारण दरवर्षी वर्गात कुणीतरी ही चूक करतेच. ‘माझा पगार’ असे स्पॅनिशमध्ये सांगायचे असेल तेव्हा ‘पागार’ वापरू नये; ते क्रियापदच आहे आणि नाम म्हणून ऐकणाऱ्याला ते कळणार नाही. तिथे ‘सालारिओ’ किंवा ‘सुएल्दो’ म्हणतात. ‘सालारिओ’ हा लॅटिनमधल्या मिठाच्या शब्दावरून आला हे खरे आहे, पण रोमन शिपायांना पगार म्हणून मीठच वाटत असत, या सर्वत्र फिरणाऱ्या गोष्टीला प्राचीन पुराव्याचा आधार नाही, तेव्हा ती सांगताना जपावे. ‘सुएल्दो’चे मूळ मात्र अगदी स्वच्छ आहे: तो ‘सॉलिडस’वरून आला, म्हणजे ज्या नाण्यांच्या दोनशेच्या राशीने फ्रँक माणसाच्या खुनाचे वैर शांत केले जाई, त्याच नाण्यावरून.